चार लाल पट्ट्या

आत्या रोज सकाळी पेला काठोकाठ भरायची आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत न सांडता न्यायची. मग उभ्यानेच पिऊन टाकायची. लहानपणी मला तो खेळ वाटे. ती मात्र हाताची हजेरी घेत असे.

तिचं काम चुंबक बसवण्याचं. जमिनीखाली एक गोल बोगदा, त्यात शेकडो चुंबकांची रांग. त्यांच्या ओढीने इलेक्ट्रॉन वळतात, आणि वळताना जो प्रखर उजेड सोडतात त्यात शास्त्रज्ञ औषधांची, धातूंची आतली रचना पाहतात. चुंबक केसाच्या जाडीइतकाही सरकलेला चालत नाही. माप यंत्रं दाखवतात, पण नटाचा शेवटचा पाव फेरा हातानेच द्यावा लागतो. सव्वीस वर्षांपूर्वी ते सगळं वर्तुळ आत्याने बसवलं होतं. क्रेनवाले काका तिला 'मोजपट्टी' म्हणत.

"मोजपट्टी, लग्न का नाही केलंस गं?"

"एकही सरळ रेषेत उभा राहीना."

मग जुनं वर्तुळ काढून नवं बसवायचं ठरलं, शंभर पट प्रखर उजेडाचं. अकरा वर्षं ती या मंजुरीची वाट पाहत होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना काम हाती आलं.

तिसऱ्या महिन्यात पेल्यातलं पाणी सांडलं.

"फरशीच मेली निसरडी झालीय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पेला जरा कमी भरला. पुढच्या आठवड्यात आणखी कमी. मी पाहत होते.

एका रविवारी, बोगद्यात कुणी नसताना, तिने त्या महिन्यात बसवलेले अकरा चुंबक पुन्हा मोजले. चार सरकलेले निघाले. त्यांच्यावर लाल पट्ट्या चिकटवून सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली.

"ताई, शेवटच्या मोजणीत दिसलंच असतं ते."

"दिसलं असतं. तोवर मी आणखी चाळीस बिघडवले असते."

"मग नुसत्या बघा. हात दुसरे लावतील."

"शेजारी उभी राहिले तर माझा हात पुढे जाणारच, साहेब. मी ओळखते ना त्याला."

तिने बोगद्याचा पास टेबलावर ठेवला.

"काय मोजपट्टी, सुट्टी?" बाहेर काकांनी हटकलं.

"हो. लांबची."

काका हसले. त्यांना काय ठाऊक!

उरलेलं काम तिने शिकवलेल्या दोघी मुलींनी केलं. अडलं की त्या फोन करत. "घाई नको गं. श्वास सोड, मग फिरव," आत्या सांगे. आवाज तोच, ठणठणीत. फोन ठेवला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची.

दीड वर्षाने नव्या वर्तुळात उजेड आला, पहिल्याच प्रयत्नात. साहेबांचा फोन आला तेव्हा आत्याला जाऊन नऊ दिवस झाले होते. छातीतल्या कफाचं निमित्त झालं.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला स्वेटर घालत होते. बटणं ती कधी कुणाला लावू देत नसे. अर्धा तास लागला तरी स्वतःच लावायची. त्या दिवशी हनुवटी वर करून मुकाट बसली. मी खालून एकेक लावत आले.

"वरचं राहू दे," ती म्हणाली. "गळ्याशी आवळतं."