तन्वीची गोळी आणि शेवंताकाकूंचा काढा

दवाखान्याच्या बाकावर तीन वर्षं बसलं, की किस्से मासळीच्या वासासारखे अंगालाच चिकटतात! मी शाळेची पायरी चढले नाही, म्हणून मी सांगते आणि माझी नात तन्वी मोबाईलवर टाइप करते. मधेच ‘हे नको गो आजी’ म्हणते. मी सांगतेच!

*

तन्वी पंधराची झाली, तरी दिसायची दहाची. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “जन्मापासून हिच्यात एक क्रोमोझोम कमी आहे. उंची कमी राहणार, पाळी आपली आपण येणार नाही. हार्मोनच्या गोळ्या देऊ.”

घरी माझा लेक आणि सून आठवडाभर एकमेकांच्या घराण्याकडे बोट दाखवत होती. मी दोघांना दवाखान्यात नेलं आणि मॅडमना सरळ विचारलं, “चूक कोणाची?”

“कोणाचीच नाही, आजी.”

मी दोघांकडे वळले. “ऐकलंत? आता जेवा!”

*

गोळ्या लागू पडल्या. पोर भरली, पाळी आली, आरशासमोर वेळ जायला लागला. आणि एक दिवस रिपोर्टात लिवरचे आकडे वाढलेले!

शेजारच्या शेवंताकाकू धावत आल्या. “अगो, त्या गोळ्यांनीच झालं! बंद कर आधी!” वर झाडपाल्याचा काढा. बाटली भरून!

सुनेनं घाबरून गोळ्या फडताळात वर ठेवल्या. तन्वी काढ्याचा पेला हातात धरून म्हणाली, “आजी, गोळी बंद झाली तर मी परत पहिल्यासारखी होईन?”

मी पेला तिच्या हातातून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तिला आणि बाटलीला घेऊन दवाखाना गाठला.

*

मॅडमनी बाटलीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “हा आधी बंद! अशा मुलींचं लिवर मुळातच जरा कुरकुरतं, आजी. गोळीनं उलट बहुतेकींचे आकडे उतरतात. गोळी चालू ठेवा, वजन सांभाळा, तीन महिन्यांनी रक्त परत तपासू.”

शेवंताकाकूंना सांगितलं. त्या हिरमुसल्या. “एवढा उकळला तो? आमच्या ह्यांना देते!”

तेव्हापासून त्यांचे हे मिरकरवाड्याच्या बंदरावरून घरी लवकर येत नाहीत!

*

तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट आला. मॅडम कागद उलटत होत्या, तन्वी टाचा उंचावून वाचायला बघत होती.

“उतरलेत गो आकडे!” मॅडम म्हणाल्या.

“मग गोळी?” तन्वीनं विचारलं.

“चालू!”

परतीच्या एसटीत कंडक्टर नवीन. माझी पंचाहत्तरी झाली, मला फुकट. तन्वीकडे बघून तो म्हणाला, “पोरीचं हाफ.”

“मी अठराची आहे. कॉलेजात जाते.”

“अगो, बायांनापण हाफच हाय आता! पैसे तेवढेच.”

गाडी भाट्याच्या पुलावर आली होती. तन्वीनं तिकिटासाठी पुढे केलेला हात काही मागे घेतला नाही.

“तेवढेच ना? मग बाईचं द्या!”