साहेब घडवणारे बडेबाबू

सरकार फक्त अधिकारी नेमतं. त्यांचे साहेब करायचे ते आमच्या बडेबाबूंनी. औरंगाबादच्या आमच्या महामंडळाच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. वडील पाचोडला मेंढरं राखायचे, त्यामुळं बिथरलेला कळप आणि नवा साहेब यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. मोठमोठी प्रशिक्षणं घेऊन साहेब यायचा, आणि कुणी त्याला ओळखायच्या आत बडेबाबू त्याला खिडकीपुढं लोकांच्या रांगेत उभा करायचे. एकाला तिथं दोन तास उभं राहून 'उद्या या' हे उत्तर स्वतःच्याच कारकुनाकडून मिळालं. दुसऱ्याला कारखान्यांसाठी घ्यायच्या जमिनी दाखवायला बिडकीनकडं नेलं, भर उन्हात बांधाबांधानं चालवलं आणि परतताना विचारलं, "किती विहिरी लागल्या, साहेब?" साहेबाला फक्त तहान लागली होती.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत शहर तापलेलं होतं. कचेरीतले निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांबरोबर चहा घेत नसत. तेव्हाचा साहेब तरुण, हुशार आणि भित्रा होता. नामांतराच्या मोर्चाला गेलेल्या आमच्या दोन कारकुनांना दूर हलवा, असा वरून फोन आला आणि त्यानं दुपारच्या आत बदलीच्या आदेशावर सही केली. बडेबाबूंनी त्यावर जावक नंबर घालायला नकार दिला. नंबराशिवाय कागद कचेरीबाहेर जाईना. साहेब भडकला, निलंबित करतो म्हणाला. बडेबाबू निमूटपणे टाइपरायटरवर बसले, स्वतःच्या निलंबनाचा आदेश टाइप केला, बदलीच्या आदेशातलं साहेबाचं व्याकरण सुधारलं आणि दोन्ही कागद त्याच्यापुढं ठेवले.

"भिऊन केलेली सही जन्मभर वाचावी लागती, साहेब," एवढंच म्हणाले.

साहेबानं आपली सही पुन्हा एकदा पाहिली. मग त्यानं दोन्ही कागद फाडले आणि स्वतः वर फोन लावला. 'बदल्या होणार नाहीत,' एवढं सांगून ठेवून दिला. बाहेर येऊन बडेबाबू घाम पुसत मला म्हणाले, "माझ्या कागदावर सही केली असती तर? घरी दोन पोरी लग्नाच्या हायेत."

पुढं तो साहेब महामंडळाचा प्रमुख झाला. पेढे घेऊन मी पाचोडला गेलो. निवृत्त झालेले बडेबाबू बाजेवर पडून होते, नजर अधू झाली होती. बातमी ऐकून त्यांनी पेढा नुसता हातात धरला.

"झ्याक झालं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पर आता त्याला नाय म्हणणारं कुणी हाय का तिथं?"

त्यांच्यानंतर हेडक्लार्कच्या खुर्चीवर मीच बसत होतो. कधी कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवेना.