सुईची सावली

सुईचा फोटो काढून घ्यायला कोणी पदरचे पैसे मोजेल, यावर माझा पहिल्या दिवशी विश्वासच बसला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. लालबागला ट्रामच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता. गिरणीच्या पासाचे फोटो, दाखवायच्या मुलींचे फोटो आणि मयतांचे फोटो, हा माझा धंदा. साध्या कपड्यांतले पोलीस फोटोवाल्यांकडे येत आणि मोर्च्याचे फोटो आहेत का, म्हणून गोड बोलून विचारत. त्यामुळे दादरचे एक मास्तर जिना चढून आले आणि म्हणाले, "पाण्यावर तरंगणाऱ्या सुईचा फोटो काढून द्याल का?" तेव्हा मी आधी त्यांचे पाय पाहिले. पोलीस कपडे बदलतो, बूट बदलत नाही. मास्तरांच्या पायात झिजलेल्या चपला होत्या.

"सुई बुडते, मास्तर."

"आडवी आणि अलगद ठेवली तर नाही बुडत. पाण्याच्या अंगावर ताणलेल्या कापडासारखा ताण असतो. मुलांना मी वर्गात दाखवतो. पण पुस्तकात नुसती चित्रं. मला मराठी पुस्तकात खरा फोटो हवाय."

पुस्तक गिरगावातला एक छापखानावाला काढणार होता. त्याच्या सख्ख्या भाच्याचा गिरगावातच झकपक स्टुडिओ होता, हे मला ठाऊक होतं. मग काम लालबागला कसं आलं? मास्तर म्हणाले, भाच्याला जमलं नाही, सुई बुडतच राहिली. मला काही ते पटलं नाही. तरी दर सांगितला. मास्तर कळवळले. मी हटलो नाही. शेवटी मीच सौदा फिरवला: दर निम्मा करतो, पण फोटोखाली माझ्या स्टुडिओचं नाव छापायचं, 'लालबाग' या शब्दासकट. गिरगाववाले आम्हाला मयताचे फोटोवाले म्हणत. एकदा तरी पुस्तकात नाव यायला हवं होतं. मास्तर लगेच कबूल झाले, आणि इतक्या लगेच कबूल झाले म्हणून मला पुन्हा शंका आली.

माझ्याकडे तेव्हा माझा मेहुणा रिटचिंगला, म्हणजे फोटोतले डाग-सुरकुत्या पुसायला, होता. हात बारीक, जीभ त्याहून बारीक.

"भावोजी, सुई माका द्या," म्हणाला, आणि तिने पाणी धरू नये म्हणून त्याने ती आपल्या तेलकट केसांतून फिरवली. मग माझ्या बायकोच्या केसांच्या आकड्यावर ठेवून पांढऱ्या इनॅमलच्या ताटातल्या पाण्यावर सोडली. सुई तरंगली. पाणी तिच्याखाली किंचित दबलं, खळी पडल्यासारखं.

पण ट्राम गेली की पाणी शहारायचं. जवळून फोटो घ्यायचा तर भिंगाचं तोंड बारीक करावं लागतं आणि प्लेट जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात खालून खडखडाट यायचा आणि सुईची रेघ पुसट व्हायची. मी ट्रामला शिव्या घालायचो, मेहुणा हसायचा.

"भावोजी, आता ट्राम कंपनीशीच सौदा करा."

मग हरताळाचा दिवस आला. ट्राम बंद, गिरण्या बंद, भोंगासुद्धा नाही. लालबाग इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. सकाळचं ऊन गॅलरीतून ताटात पडलं होतं आणि पाणी काचेसारखं उभं होतं. त्या प्लेटवर जे आलं ते आजही माझ्याकडे आहे. सुई लखलखीत, आणि ताटाच्या तळाशी तिची सावली. ती सावली सुईपेक्षा कितीतरी जाड होती आणि तिच्या दोन्ही कडांना उजेडाच्या रेघा होत्या. दबलेल्या पाण्यामुळे ऊन फाकतं आणि सावली अशी होते, असं मास्तरांनी मला समजावलं. त्यांना इतका आनंद झाला की चहा गार झाला.

छापखानावाल्याला मात्र झाला नाही. मास्तरांना घेऊन तो स्वतः लालबागला आला आणि फोटो उजेडाकडे धरून म्हणाला, "सुईची सावली सुईहून जाड? तुम्ही रिटचिंगवाले लोक टकल्याला केस लावता. हे रंगवलेलं आहे."

माझं डोकं फिरलं. "रंगवलेलं? बसा इथे. तुमच्या नाकासमोर सुई तरंगवून दाखवतो. नाही तरंगली तर फोटो फाडून टाका."

मेहुणा आतून तेच ताट भरून घेऊन आला. मी सुई केसांतून फिरवली, आकड्यावरून सोडली. बुडाली. पुन्हा सोडली. बुडाली. सगळ्या सुया तळाला. छापखानावाला टोपी सारखी करत उठला. मास्तर माझ्याकडे असे बघत होते, जसं मी पहिल्या दिवशी त्यांच्या पायांकडे बघितलं होतं.

ते गेल्यावर मी ताट हलवलं. कडेला फेस आला. वास घेतला. रिठा! नेगेटिव्ह वाळताना थेंबांचे डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात आम्ही रिठ्याचं पाणी टाकायचो. त्याने पाणी पसरतं, थेंब धरत नाही. पाण्याचा ताणच मोडतो.

"ताट कशाने धुतलंस?"

"रिठ्यान. पावणे येवचे होते, स्वच्छ नको?"

"आणि विसळलंस?"

"विसरलंय, भावोजी."

मी ताट भिंतीवर फेकलं. त्याचा टवका उडाला तो अजून तसाच आहे. पुस्तक निघालं, त्यात भाच्याच्या स्टुडिओचा फोटो, खाली 'गिरगाव'. मी भिंग लावून बघितला. सुईची सावली सुईएवढीच, सरळ, बारीक. म्हणजे सुई काचेवर ठेवलेली, पाण्याचा पत्ता नाही. खरा फोटो माझ्या कपाटात आणि खोटा पोरांच्या दप्तरात. मी ते पुस्तक घेऊन दादरला मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी दारातूनच सांगितलं, "आता राहू द्या ना."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मेहुणा माझ्याकडून सुटला आणि रिटचिंगला लागला. कुठे? त्याच भाच्याकडे, गिरगावात. जास्त पगार, पंखा, म्हणाला. बायको म्हणते, पोटासाठी गेला, तुमच्या शिव्यांना कंटाळून गेला, उगाच संशय घेऊ नका. असेलही.

दर वर्षी तो गणपतीला जेवायला येतो. जेवण झालं की मी टवका उडालेलं ते ताट भरून त्याच्यापुढे ठेवतो, शेजारी सुई. बायको डोळे वटारते. तो सुई केसांतून फिरवतो. आता केस पांढरे झालेत, तेल तेच. सुई पाण्यावर सोडतो. ती पहिल्या झटक्यात तरंगते, खाली जाड सावली पडते.

"तेव्हा विसळायला विसरलास?" मी विचारतो.

"होय, भावोजी."

तो सुईकडे बघतो, मी त्याच्या तोंडाकडे.