दगडावरचं एक नाव

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती इतिहास शिकवते आणि शाळेत कधीच डबा नेत नाही. "वाऱ्यावर जगतेस का गं?" असं चिडवत मी रोज डबा भरून तिच्यापुढे धरते. ती तो ओट्यावर ठेवून निघून जाते. हट्टीपणात तिचा हात कोणी धरणार नाही.

सनावळ्या घोकून इतिहास कळत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून नववीच्या मुलांना ती निबंध लिहायला लावते. जुना पूल कोसळला तेव्हा जी माणसं गेली, त्यांची नावं नदीकाठच्या दगडावर कोरली आहेत. प्रत्येकाने एक नाव घ्यायचं आणि त्या माणसाची शेवटची सकाळ लिहायची. मनाचं काही चालत नाही. घरोघरी जाऊन विचारायचं, जुनी वर्तमानपत्रं चाळायची. नाहीतर समासात लाल शाईने एकच शब्द येतो, "कशावरून?"

निबंध तपासताना ताई त्या माणसांबद्दल बोलत राहते. शिंपीकाकांचा चष्मा दुरुस्तीला होता, सुईणबाई दोन रात्री झोपली नव्हती. घरात आम्ही दोघीच, पण जेवताना मागे वळून बघायची मला भीती वाटते. त्या गर्दीत आमचा दादा मात्र कधी येत नाही. दगडावर त्याचंही नाव आहे. मी तेव्हा पाळण्यात होते. त्याच्याबद्दल विचारलं की आई उठून जायची, आणि ताई दरवर्षी मुलांना बजावते, "तेवढं नाव सोडा."

यंदा एका मुलीने ऐकलं नाही. परवा संध्याकाळी ती निबंध घेऊन घरीच आली. एवढीशी पोर, पण हट्टात ताईच्या वरताण. उभ्या उभ्याच वाचायला लागली, "तो मुलगा शाळेत चालला होता..."

"कशावरून?" ताईने सवयीने विचारलं.

"शाळा नदीपलीकडे होती, बाई. आणि वेळ शाळेचीच होती."

ताईने उठून त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "खोड ते. तो शाळेत पोचला होता. परत घरी चालला होता."

"कशावरून, बाई?"

पोरीचं काही चुकलं नव्हतं, पण मला तिचा राग आला.

"मी डबा विसरले म्हणून रडत होते," ताई म्हणाली. "रडू नकोस, पळत जाऊन आणतो, म्हणाला. मी शाळेच्या फाटकात उभी राहून बघत होते. लिही."

सकाळचा डबा अजून ओट्यावरच होता. इतकी वर्षं, रोज सकाळी, हसत हसत मी तो तिच्यापुढे धरत होते.