कोरडा पेपर

नोएलीला काळजी करण्याचं व्यसन आहे, असं आमच्या पोंतील गावात सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. कुणाला दारूचं असतं, कुणाला पत्त्यांचं, हिला काळजीचं. वर खिंडीत तिची सहा टेबलांची खानावळ आहे आणि खाली दरीच्या तोंडाशी माझं पावाचं दुकान. मधे चौदा किलोमीटरचा घाट. कडा कोरून काढलेला रस्ता, तीन बोगदे, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा दगडी कठडा. कठड्यापलीकडे आम्ही गाववाले बघत नाही. बघायला पाहुणे येतात, आणि बघून झालं की दोन पावलं मागे सरकतात.

या घाटात सायकली माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालतात. चढताना माणूस घामाने निथळतो, वर पोचला की नोएलीकडचं सूप आणि अळंब्यांचं ऑम्लेट खातो, आणि उतरताना तोच घाम अंगावर बर्फासारखा गार होतो. ऑक्टोबरात अडीचनंतर दरीत ऊन उरत नाही. म्हणून उतरण्याआधी जर्सीखाली छातीला वर्तमानपत्र लावायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बाजारात भारी भारी जाकिटं आली तरी आमचे म्हातारे पेपरच लावतात. माझ्या दुकानातले शिळे पेपर सकाळी पावांसोबत गाडीतून वर जातात आणि दुपारी माणसांच्या छातीवर बसून खाली येतात. दुकानाच्या दाराबाहेर मी एक लाकडी पेटी ठेवली आहे. खाली पोचलेला माणूस जर्सीतून पेपर ओढतो, पेटीत टाकतो आणि आपल्या घरी जातो.

इथवरची रीत सगळ्यांची. पुढची नोएलीची. ती प्रत्येक पेपरच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने माणसाचं नाव लिहिते. दुपारची झोप काढून चार वाजता मी दुकान उघडलं की पेटी रिकामी करायची आणि तिला फोनवर नावं वाचून दाखवायची. शेवटचं नाव ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडतो आणि ती फोन आपटते. आभार वगैरे मानायची पद्धत तिच्याकडे नाही.

हे सुरू झालं क्लोव्हिसमुळे. क्लोव्हिस तिचा नवरा. तेवीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो सायकलवरून खाली निघाला. नोएलीला वाटलं, बसला असेल बाझीलच्या बापाशी गप्पा मारत. बाझील म्हणजे मी. माझ्या बापाला वाटलं, अजून वरून निघालाच नसेल. दोघंही निवांत. क्लोव्हिस खालच्या बोगद्याजवळ कठड्याखाली चार तास पडून होता. सापडला तेव्हा गार झालेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, दोन तास आधी सापडता तर वाचला असता. असली गोष्ट माणसाने बोलू नये, पण डॉक्टर बोलून गेला. त्यावर नोएली एकदाच बोलली, तेही माझ्या आईपाशी. "त्या चार तासांत मी सफरचंदाचे दोन टार्ट भाजले. छान झाले होते."

त्या दिवसापासून ती या घाटाने कधी खाली उतरली नाही. गावात यायचं तर डोंगराच्या पलीकडून, पन्नास किलोमीटरचा वळसा घालून येते. दाताचं दुखणं असो की कुणाचं लग्न, वळसा चुकत नाही.

दर गुरुवारी पेन्शनर मंडळींची एक टोळी वर जाते, सात जणांची. त्यातला ओनोरे म्हणजे आमचा जुना पोस्टमन. वय बहात्तर, कानाने अर्धा गेलेला, घरात एकटा. आपल्या हलक्या, महागड्या सायकलला त्याने पोस्टातल्या सायकलची पितळी घंटा बसवली आहे, त्यावरून टोळी त्याची टर उडवते. शिवाय याला घाम किती येतो! इतरांचे पेपर पेटीतून दमट निघतात, ओनोरेचा उचलला की हाताला शाई लागते. अर्ध्या बातम्या त्याच्या बनियनवर उमटलेल्या असतात.

"ओनोरे, पोट दाखव रे, काल कोण जिंकलं ते बघू दे."

"उलटं छापलंय, आरसा आण," असं तोही ठणकावून सांगतो.

नोएलीचं आणि त्याचं दर गुरुवारी वाजतं.

"हळू उतर."

"तीस वर्षं टपाल घेऊन उतरलोय मी."

"तेव्हा तुला ऐकू येत होतं."

"अगं, रस्ता डोळ्यांनी बघायचा असतो!"

मग ती त्याचं नाव इतरांपेक्षा जरा मोठं लिहून पेपर त्याच्या हातात कोंबते. यात आणखी काही आहे का, असं मला माझी बायको विचारते. मी पाव भाजतो, मला काय ठाऊक.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी टोळी पावणेतीनला खिंडीतून निघाली. मी झोपलो होतो. चारला उठून पेटी उघडली आणि फोन लावला.

"सातही आले. वाचतो, ऐक." वाचले. सातवा ओनोरेचा.

नेहमीसारखा फोन आपटल्याचा आवाज आला नाही.

"ओनोरेला तू पाहिलंस?"

"मी कधी कुणाला बघतो? पेपर आहे ना."

"मी त्याच्या घरी फोन केला. उचलत नाही."

"तो बहिरा आहे, नोएली. झोपला असेल. फोन काय, चर्चची घंटा कानात वाजवली तरी उठायचा नाही."

"सकाळी वर आला तेव्हा त्याचा ब्रेक करकरत होता. मी बोलले त्याला."

"त्याला ऐकू गेलं असेल तर ना."

ती हसली नाही. मला खरं तर राग आला होता. भट्टी पेटवायची होती, दारात गिऱ्हाईक उभं होतं, आणि नाव लिहिलेला पेपर माझ्या हातात असताना हिचं सुरूच.

"बाझील, पेपर कसा आहे?"

"कसा म्हणजे? मंगळवारचा आहे."

"अरे पाववाल्या, ओला आहे का?"

मी पेपरवरून हात फिरवला. मग बोटांकडे पाहिलं. बोटं स्वच्छ होती. पेपर खडखडीत कोरडा, नुकता छापल्यासारखा. कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीतला ओनोरे, मोठ्या अक्षरात.

"कोरडा," मी म्हणालो.

"मग तो त्याच्या अंगावर नव्हता," नोएली म्हणाली. "मी निघाले वरून. तू खालून ये."

"तू? घाटाने?"

फोन ठेवलेला होता. या खेपेला आपटलासुद्धा नाही.

बंबवाल्यांना फोन कर, असं बायकोला ओरडून सांगत मी गाडी काढली. घाटात मोबाईल चालत नाही, त्यामुळे वर शिरलं की माणूस आपल्यापुरता एकटा. मी काच खाली करून, खिडकीतून डोकं काढून, बैलगाडीच्या वेगाने चाललो होतो. खालच्या बोगद्याजवळ आलो तेव्हा त्या कठड्याकडे बघावंच लागलं. काही नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण तिथे नाही म्हणजे आणखी वर, आणि वर दरी जास्त खोल. घड्याळात साडेचार. दीड तास. मी क्लोव्हिसचे तास मोजतोय हे मला कळत होतं, पण थांबता येईना. आणि सारखं डोक्यात येत होतं, की मी झोपलो होतो. पेटी दाराबाहेर आणि मी आत घोरत होतो. दार उघडं ठेवून बसलो असतो तर सहाच माणसं आली हे मला दिसलं असतं. माझ्या बापानेही तेवीस वर्षांपूर्वी हेच केलं होतं. आमच्या घराण्यालाच निवांतपणाचा रोग आहे.

मधल्या बोगद्यापलीकडच्या वळणावर नोएलीची जुनी व्हॅन रस्त्यात आडवी उभी होती, दार सताड उघडं. शहात्तर वर्षांची बाई स्वयंपाकाच्या एप्रनमध्ये कठड्यावर पोटाने लवंडली होती आणि खाली बघत होती. चेस्टनटची पिवळी पानं रस्त्यावर भिजून चिकटली होती आणि त्यातून टायरची एक लांब रेघ कठड्यापर्यंत गेली होती.

"चूप!" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "ऐक."

खालून आवाज आला. ट्रिंग. थोड्या वेळाने पुन्हा, ट्रिंग.

"ओनोरे!" मी बोंब मारली.

"त्याला ऐकू येतंय होय? उतर खाली!"

मी एकशे चार किलोचा माणूस. तरी उतरलो, झाडोऱ्याला धरून, ढुंगणावर घसरत. दोन पुरुष खोलीवर खडकाचा एक पट्टा होता, त्यावर बुटक्या झुडपांत ओनोरे अडकला होता. एक पाय नको त्या दिशेला वळलेला, चेहरा पिठासारखा पांढरा. सायकल त्याच्या डोक्याशी लोंबत होती आणि तो न बघताच अंगठ्याने घंटा वाजवत होता. माझा हात त्याच्या खांद्याला लागला तेव्हा कुठे थांबला.

"दीड तास वाजवतोय," तो म्हणाला. दात वाजत होते. "चार गाड्या गेल्या. जमिनीला धडधड लागते, ऐकू कशाला यायला हवं."

"आणि तुझा पेपर?"

"आमच्या टोळीतल्या रेझिसला ताप होता. वरच्या बोगद्यापाशी कुडकुडत उभा. म्हटलं, माझा घे, तुझ्या पेपरवरून लाव. मला उकडत होतं, मी लावलाच नव्हता."

रेझिसने दोन्ही पेपर पेटीत टाकले आणि घरी जाऊन पांघरुणात शिरला. त्याचं काही चुकलं नाही. उलट रीतच पाळली त्याने.

"काय म्हणतोय?" वरून नोएली.

"पेपर रेझिसला दिला म्हणतो!"

वरून अशा शिव्या आल्या की मी इथे लिहीत नाही. बहिऱ्याला एक तरी ऐकू गेली असावी, कारण तो कसनुसा हसला.

"तो पेपर आणलायस का?" ती ओरडली.

पाहतो तर खरंच, दुकानातून निघताना तो माझ्या एप्रनच्या खिशात कोंबला गेला होता.

"लाव त्याच्या छातीला! आणि तुझा कोट घाल वरून! आणि बोलत राहा त्याच्याशी, झोपू देऊ नकोस!"

मी त्याची जर्सी वर केली. कातडी माशासारखी गार होती, आणि कोरडी. ओनोरेची छाती कोरडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. पेपर लावला, कोट घातला, वर स्वतः आडवा झालो. एवढ्या चरबीचा कधीतरी कुणाला उपयोग व्हायचाच होता. "हा माझाच की," पेपरचा कोपरा बघून तो पुटपुटला, आणि मग डोळे मिटायला लागला. मी त्याच्या कानात गावभरचे पत्ते विचारत राहिलो. मधल्या गल्लीत तिसरं घर कुणाचं? पुलापाशी कुत्रा कुणाचा? आधी उत्तरं येत होती. नंतर नुसतं हूं. वर नोएली दर मिनिटाला विचारत होती, "बोलतोय का?" आणि मी दर मिनिटाला हो म्हणत होतो, एकदोनदा खोटंही.

बंबवाले चाळीस मिनिटांनी आले. दोर, झोळी, सगळं केलं. त्याला वर कठड्याशी ठेवलं तेव्हा तो डोळे मिटून होता आणि त्यातला पोरगेलासा बंबवाला नाडी शोधत मनगट पुन्हा पुन्हा चाचपत होता. नोएलीने त्याला कोपराने बाजूला सारलं. ओनोरेच्या जर्सीत हात घातला आणि पेपर ओढून काढला.

पेपर अर्धा फाटून आला. उरलेला लगदा होऊन तिच्या मुठीत राहिला. तिने मूठ उघडली. तळहात शाईने काळा झाला होता.

"ओला आहे," ती म्हणाली. "बाझील, ओला आहे रे. घाम फुटलाय त्याला." आणि ती तिथेच रस्त्यात बसून, काळा हात तोंडाला लावून, हुंदके देऊन रडायला लागली.