वारलेल्या बायकोची भूमिका

दमयंती सोहनी बावीस वर्षं नाटकात होती, पण रत्नागिरीतल्या एकाही प्रेक्षकाने तिला कधी पाहिलं नव्हतं. ती प्रॉम्प्टर. दिवसा कोर्टात टायपिस्ट, संध्याकाळी नाट्यमंडळाच्या तालमीला हजर. आवाज असा, की विंगेतून नटाला स्पष्ट ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला पत्ताही लागू नये. भूमिका घ्या म्हणून कुणी आग्रह केला तर म्हणायची, "तोंड रंगवून मिरवायचं तुम्हालाच लखलाभ!" या गोष्टीचा तिला चांगलाच तोरा होता.

गावात धड नाट्यगृह नव्हतं तेव्हापासूनची ती. शाळेच्या पटांगणात पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच व्हायचा. मालगुंडला देवळाचा सभामंडप, सावर्ड्याला बाजारातला ओटा. विंग म्हणजे बांबूला बांधलेलं जाजम. त्यामागे दमयंती स्टुलावर बसली की नायकाचा सदरा तिच्या वहीला घासायचा. १९९८ साली नव्या नाट्यगृहाचा नारळ फुटला, जांभा फोडून पाया खणला, आणि मग वर्षानुवर्षं नुसते खांब उभे. त्या खांबांकडे बघून मंडळाचे ज्येष्ठ नट आप्पा जोगळेकर म्हणायचे, "माझ्या हयातीत पडदा वर गेला म्हणजे मिळवली."

आप्पा निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या पाठांतराच्या गोष्टी अख्खा गाव सांगे. आणि खरी मेख तिथेच होती. २००० सालापासून आप्पांना काही पाठ राहीनासं झालं होतं, आणि हे ठाऊक होतं एकट्या दमयंतीला. एका तालमीनंतर त्यांनीच तिला बाजूला घेतलं होतं.

"दमयंती, वाक्यं निसटतात गो हल्ली. कुणाला बोलू नकोस. कळलं तर हार घालून सत्कार करतील आणि घरी बसवतील मला."

तिने शब्द दिला. तेव्हापासून आप्पांची भूमिका ती वाक्यावाक्याला पुरवत होती, आणि लोक आप्पांच्या पाठांतरावर टाळ्या वाजवत होते.

२००४ मध्ये एकदाचं नाट्यगृह उघडलं. मऊ खुर्च्या, बाल्कनी, आरशांच्या रंगपट खोल्या. बघायला गाव लोटला. दमयंतीही हरखली होती, पण विंगेत जाऊन उभी राहीपर्यंतच. विंगेपासून आप्पांची खुर्ची चांगली पंधरा पावलं लांब! हळू बोलावं तर जाड काळे पडदे शब्द गिळून टाकत, आणि जरा आवाज चढवला तर तो थेट बाल्कनीत. पहिल्याच तालमीत ती कुजबुजली, आप्पा ढिम्म. पुन्हा कुजबुजली. आप्पांनी घसा खाकरून पाणी मागितलं. प्रयोग तीन आठवड्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी तिने दिग्दर्शकाला गाठलं. हा उन्मेष, बँकेत नोकरीला, वयाने तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"उन्मेष, मला काम दे."

तो बघतच राहिला. "ताई, नाटकात बाई आहेच कुठे? आप्पांच्या पोस्टमास्तरची बायको वारलीय. भिंतीवर फोटो आहे तिचा."

"मग तिला जिवंत कर. बोलायला नको मला काही. आप्पांच्या खुर्चीशी बसून तांदूळ निवडीन."

"अहो, तिच्या मरणावर पहिला अंक उभा आहे!"

"दुसरं काहीतरी शोध."

"पण का?"

शब्द दिला होता. "हौस," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले. मंडळात व्हायची ती चेष्टा झालीच. बावन्नाव्या वर्षी ताईंना रंग लावावासा वाटला म्हणे! तिने सगळं मुकाट्याने गिळलं. उन्मेषने दोन रविवार खर्चून बायकोला जिवंत केलं आणि फोटोचा हार उतरवला.

प्रयोगाला एकही खुर्ची रिकामी नव्हती. पहिला अंक सुरळीत पार पडला. दमयंती सुपावर मान वाकवून बसली होती, ओठ हलले न हलले इतपतच. दुसऱ्या अंकात आप्पांचं मोठं भाषण होतं. पुरात पोस्टाची पिशवी घेऊन खाडी ओलांडल्याची हकीकत.

"पूर आला त्या दिवशी..." आप्पा म्हणाले आणि थांबले.

"होडी उलटली," ती कुजबुजली.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काहीच नव्हतं, ओळखसुद्धा. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं. बाल्कनीत कुणीतरी खोकलं. आणखी दोन क्षण गेले असते तर गावाला सगळं कळलं असतं.

दमयंतीने सूप दाणकन खाली ठेवलं. "अहो, होडी उलटली ते सांगा की! दरवेळी तिथेच कसे अडता?"

सगळं थिएटर हसलं. आप्पांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. मग सावकाश म्हणाले, "तूच सांग गो. तुला सगळं पाठ असतं."

हे वाक्य वहीत नव्हतं. पण दमयंतीने सांगितलं, सगळंच्या सगळं, मोकळ्या आवाजात. होडी उलटली ते, पिशवी डोक्यावर घेतली ते, घरी आल्यावर ओली पत्रं पडवीत एकेक करून वाळत घातली ते. शेवटचं वाक्य आप्पांना आपसूक आठवलं, ते त्यांनी म्हटलं. पडदा पडला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रंगपटात उन्मेष धावत आला. "दोघांनी मला न सांगता बसवलंत ना हे? काय जागा काढलीत, आप्पा!"

दमयंती खोटं बोलायला तोंड उघडणार, तोच आप्पांनी हात वर केला.

"बसवलं नाही रे. मी विसरलो. चार वर्षं विसरतोय. ही पुरवते म्हणून उभा आहे. हिला कसली हौस नि काय! माझ्यापायी लोकांचं ऐकून घेतलंन."

उन्मेष त्यांच्या समोर स्टुलावर बसला. "आप्पा, आधी सांगायचंत की! अर्धी वाक्यं ताईंनाच देऊन टाकली असती."

"चालेल तसं?" आप्पांनी विचारलं. साऱ्या शाळेला धाकात ठेवलेला हा माणूस भीतभीत विचारत होता.

"न चालायला काय झालं? आमच्या घरी बाबांची निम्मी वाक्यं आईच पुरी करते."

आप्पा खुदकन हसले. दमयंतीचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिला रडूच कोसळलं. गालावरचा रंग ओघळून पार लुगड्यावर आला.

"अगो, आता काय झालं?"

"चार वर्षं झोपेतसुद्धा तुमची वाक्यं म्हणतेय मी," ती म्हणाली. "आज गप्प झोपणार."

"झोप गो," आप्पा म्हणाले. "मीही झोपेन."