धुक्यातला हात

थंडीत पहाटे घाटात इतकं धुकं असतं, की पुढे सायकलवर असलेल्या नानांचा फक्त हात दिसतो. खड्डा आला की तो हात खाली जातो. मागच्याने ‘दिसला’ म्हणायचं, ही आमची रीत. दिवाळीनंतर आमच्या सायकलच्या गटातला एकेक जण पांघरुणात राहिला, उरलो नाना आणि मी.

“तू नाही आलास तर मी खड्डे दाखवू कुणाला?” नाना म्हणतात. माणूस थंडीत निश्चयाने उठत नाही, अशा एखाद्या हातासाठी उठतो.

आज मी पुढे होतो, नाना मागे. समोरून भरधाव ट्रक उतरून मागे धुक्यात शिरला. लगेच खड्डा आला. हात खाली केला. ‘दिसला’ आलं नाही. वळून बघायचा धीर होईना. पुढे खड्डा नव्हता, तरी मी पुन्हा हात खाली केला.